‘ॲप्टिट्यूड’ म्हणजे गती

या महिन्याच्या टपालात एकाच इंग्रजी शब्दाविषयी तीन पत्रे आली आहेत. एक आईचे आहे, एक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे आणि एक निवृत्त शिक्षकांचे. तिघांची अडचण वेगवेगळी असली तरी शब्द तोच असल्यामुळे तिन्ही पत्रांना या सदरात एकत्र उत्तर देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकतो. सहामाही परीक्षेत त्याला गणितात १०० पैकी ५८ गुण मिळाले. प्रगतिपुस्तकात गणिताच्या बाईंनी शेरा लिहिला आहे : ‘ही हॅज अ रिअल ॲप्टिट्यूड फॉर मॅथेमॅटिक्स, बट हिज ॲटिट्यूड टु प्रॅक्टिस मस्ट इम्प्रूव्ह.’ मुलाच्या वडिलांना हा टोमणा वाटतो. ५८ गुण मिळवणाऱ्या मुलाला ‘ॲप्टिट्यूड’ आहे असे कोणी मनापासून कसे म्हणेल, असे त्यांचे म्हणणे. मी शब्दकोश पाहिला, तर त्यात नैसर्गिक क्षमता, कल, योग्यता आणि अभियोग्यता असे चार अर्थ दिले आहेत. यांतला कोणता धरायचा? आणि पालकांच्या अभिप्रायाच्या रकान्यात काय लिहावे? — एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : बाईंनी टोमणा मारलेला नाही. त्यांनी शब्द अगदी नेमका वापरला आहे, आणि ५८ गुणांशी त्याचा काहीही विरोध नाही. ‘ॲप्टिट्यूड’ म्हणजे एखादी गोष्ट शिकवली असता ती लवकर आणि चांगली आत्मसात करण्याची अंगची तयारी. आज काय येते याचे मोजमाप गुणांनी होते. शिकवल्यास पुढे काय येऊ शकेल याचा अंदाज ‘ॲप्टिट्यूड’ या शब्दाने व्यक्त होतो. एखाद्या मुलाला ५८ गुण असूनही ही तयारी भरपूर असू शकते, तसेच ९२ गुण मिळवणाऱ्याने ते केवळ घोकंपट्टीवर मिळवलेले असू शकतात. वर्गात रोज मुलांना पाहणाऱ्या शिक्षिकेला हा फरक दिसतो, आणि तो लिहून कळवण्याइतकी आस्था त्यांनी दाखवली आहे.

हा अर्थ मला सर्वांत स्पष्टपणे कळला तो पेणमध्ये. काही वर्षांपूर्वी आषाढात तेथील गणपतीच्या एका कारखान्यात मी अर्धा दिवस बसलो होतो. शाडूच्या मूर्ती सुकत ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये दोन नवी मुले पॉलिशपेपरने अंग घासून गुळगुळीत करत होती. नव्या मुलाला आधी हेच काम मिळते. मग पुष्कळ दिवसांनी रंग, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी, कारण डोळा चुकला की मूर्तीचा भावच बिघडतो. मालकांनी त्या दिवशी सहज म्हणून दोघांनाही एक जुनी, बाजूला काढलेली मूर्ती आणि बारीक ब्रश दिला, भुवईची रेघ कशी ओढायची ते एकदा दाखवले आणि ओढायला सांगितले. दोघांच्याही रेघा वाकड्या आल्या. दुसऱ्यांदाही वाकड्याच आल्या, पण एकाने ब्रश धरण्याची पद्धत आपण होऊन बदलली होती आणि करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवून हाताला आधार घेतला होता. हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. मालकांचा हात तसा टेकलेला त्याने पाहिला होता, एवढेच. मालक मला म्हणाले, “आखणी आज दोघांनाही येत नाही. पण याला एकदा दाखवलं की पुरतं, त्याला दहा वेळा दाखवावं लागेल.” इंग्रजीत ज्याला ‘ॲप्टिट्यूड’ म्हणतात ते एवढेच आहे : आज येत नाही, पण एकदा दाखवले की पुरते.

आता मराठी प्रतिशब्दाकडे वळू. शब्दकोशांतून दिलेल्या चार पर्यायांच्या आधी मी असा एक शब्द सुचवतो, जो आपण सर्वजण रोज वापरतो आणि म्हणूनच बहुधा कोशकारांच्या नजरेतून निसटतो. तो शब्द आहे ‘गती’. ‘तिला गाण्यात गती आहे’, ‘मला हिशेबात गती नाही’ ही वाक्ये घराघरांत बोलली जातात. गती आहे असे म्हणताना आपण कोणाच्या गुणपत्रिकेकडे पाहत नाही. त्या विषयात मन आणि बुद्धी अडखळत नाही, पुढे सरकते, असे आपल्याला म्हणायचे असते. तीव्र गती, बरी गती, गती नसणे असे कमीजास्तपणही त्यात दाखवता येते. बाईंचा शेरा मराठीत आणायचा तर ‘त्याला गणितात खरोखर गती आहे’ यापेक्षा चांगले भाषांतर मला दिसत नाही.

‘कल’ मात्र येथे चालणार नाही. कल हा शब्द कलण्यावरून आला आहे. तराजू एका बाजूला कलतो, मतमोजणीच्या दिवशी निकालाचे कल हाती येतात, तसा मनाचा झुकाव म्हणजे कल. मुलाचा कल चित्रकलेकडे असेल आणि हात मात्र चालत नसेल, असे पुष्कळदा होते. याउलट ज्याला गणितात गती आहे त्याला गणिताचा कंटाळाही असू शकतो, आणि आपल्या मुलाविषयी बाईंनी बहुधा हेच लिहिले आहे. आवड आणि गती एकत्र नांदतीलच असे नाही. हा भेद आपल्याकडे पुसट होण्यामागे एक अलीकडचे कारणही आहे. राज्यात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची ‘कल चाचणी’ घेण्यात आली आणि हा शब्द एकदम घरोघरी पोहोचला. त्या चाचणीचा हेतू मुलाची आवड कोणत्या क्षेत्राकडे झुकते हे पाहण्याचा होता, परंतु असंख्य पालकांनी तिच्या अहवालाचा अर्थ ‘आमच्या मुलाला हे जमेल’ असा लावला. आवड कळली म्हणजे जमणे कळले, असे होत नाही.

उरले ‘अभियोग्यता’ आणि ‘अभिक्षमता’. हे दोन्ही शब्द मानसशास्त्राच्या आणि शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून ‘ॲप्टिट्यूड’साठी वापरले जातात आणि परिभाषा म्हणून ते योग्य आहेत. बी.एड.च्या विद्यार्थ्यांची अडचण अशी होते की अभिरुची, अभिवृत्ती, अभियोग्यता आणि अभिक्षमता हे चारही शब्द ‘अभि’ने सुरू होतात आणि परीक्षेच्या धांदलीत एकमेकांत मिसळतात. अभिरुची म्हणजे आवड, अभिवृत्ती म्हणजे ‘ॲटिट्यूड’, आणि शेवटचे दोन ‘ॲप्टिट्यूड’चे पर्याय. कोर्टातल्या अभियोगाशी, म्हणजे खटल्याशी, अभियोग्यतेचा संबंध नाही; तो शब्द ‘योग्यता’ला ‘अभि’ लागून झाला आहे.

‘अभियोग्यता’ हा शब्द घडवणाऱ्यांनी मूळ इंग्रजी शब्दाच्या किती जवळ नेम साधला आहे, हे पाहून मला नेहमी आनंद होतो. ‘ॲप्टिट्यूड’ हा लॅटिन ‘आप्तुस’वरून आला आहे आणि ‘आप्तुस’चा मूळ अर्थ बांधलेला, जोडलेला, म्हणून नीट बसलेला असा आहे. दाराची बिजागरी खाचेत बरोबर बसावी तसे. आपला ‘योग्य’ हा शब्ददेखील ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूपासून आला आहे. बैल जुंपण्याशी आणि जूशी नाते सांगणारा हा धातू, आणि तिकडे लॅटिनमधला बांधण्याचा धातू, या दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता ‘जो नीट जोडला जातो तो लायक’ असाच विचार केला. त्याच लॅटिन कुळातून इंग्रजीत ‘ॲप्ट’ म्हणजे समर्पक, ‘अडॅप्ट’ म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेणे आणि ‘इनेप्ट’ म्हणजे ज्याला काही धड जमत नाही असा, हे शब्दही आले. ‘ॲन ॲप्ट प्यूपिल’ म्हणजे चटकन शिकणारा विद्यार्थी. मात्र ‘ही इज ॲप्ट टु फर्गेट’ असे वाक्य दिसले तर त्याचा अर्थ ‘विसरण्याची त्याला सवय आहे’ असा होतो, तेथे कौतुक नसते.

आता बाईंच्या वाक्याचा दुसरा भाग. आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘ॲप्टिट्यूड’ आणि ‘ॲटिट्यूड’ हे दोन शब्द एका ओळीत आले आहेत, आणि गंमत अशी की मुळात हे दोन शब्द एकच आहेत. लॅटिनमधील ‘आप्तितूदो’ हा शब्द थेट विद्वानांच्या मार्गाने इंग्रजीत आला तेव्हा त्याचा ‘ॲप्टिट्यूड’ झाला. तोच शब्द इटलीतील बोलीत झिजून ‘आत्तितूदिने’ झाला, चित्रकार आणि शिल्पकार तो आकृतीच्या ठेवणीसाठी वापरू लागले, तेथून तो फ्रेंचमध्ये गेला आणि सतराव्या शतकात ‘ॲटिट्यूड’ होऊन इंग्रजीत उतरला. त्या वेळी त्याचा अर्थ पुतळा किंवा चित्रातील व्यक्ती कशी उभी आहे, मान कशी वळवली आहे, हात कोठे आहे, एवढाच होता. शरीराच्या ठेवणीवरून मनाची ठेवण ओळखता येते, म्हणून पुढे तो मनाला लागू झाला. आज आपल्याकडे तरुण मुले ‘त्याला फार ॲटिट्यूड आहे’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना ताठा किंवा गुर्मी अभिप्रेत असते. बाईंच्या वाक्यात तो अर्थ नाही. तेथे ‘ॲटिट्यूड’ म्हणजे सरावाकडे पाहण्याची वृत्ती. मुलाला उदाहरण लवकर समजते, म्हणून तो वहीत सोडवण्याचा कंटाळा करतो आणि परीक्षेत पायऱ्या गाळतो किंवा आकडेमोडीत चुकतो, असा त्याचा सरळ अर्थ दिसतो.

वापराविषयी एक सूचना करतो, कारण हा शब्द आता आपल्या घरात आलाच आहे. मराठीत आपण ‘गणितात गती’ म्हणतो, त्या ‘-त’ प्रत्ययामुळे इंग्रजी लिहितानाही आपला हात ‘ॲप्टिट्यूड इन मॅथेमॅटिक्स’ असे लिहितो. शिष्टसंमत इंग्रजीत या शब्दापुढे ‘फॉर’ येतो, जसा बाईंनी लिहिला आहे. आवडीसाठी ‘इंटरेस्ट’ वापरला तर ‘इन’, गतीसाठी ‘ॲप्टिट्यूड’ वापरला तर ‘फॉर’. देवनागरीत हा शब्द ‘ॲ’ने लिहावा, महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेविषयी जो निर्णय काढला त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या दोन्ही स्वरांना वर्णमालेत स्थान दिले आहे. ‘एप्टिट्यूड’ हे हिंदीच्या प्रभावाने आलेले लेखन मराठीत टाळावे.

अभिप्रायाच्या रकान्यात इंग्रजीच लिहिले पाहिजे असे बंधन नसल्यास मराठीत लिहा. ‘त्याला गणितात गती आहे हे आपण आवर्जून कळवले, याबद्दल आभारी आहोत. रोज पाच उदाहरणे सर्व पायऱ्यांसह वहीत सोडवून घेण्याची जबाबदारी आम्ही घेत आहोत.’ एवढे पुरे आहे. आणि मुलाच्या वडिलांना हे उत्तर वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅम्पसमध्ये येणाऱ्या कंपन्यांची पहिली फेरी ‘ॲप्टी’ची असते आणि तिच्यासाठी आम्ही सगळे क्लास लावतो. ‘ॲप्टिट्यूड’ म्हणजे नैसर्गिक क्षमता असेल तर तिचा क्लास कसा असू शकतो? आणि क्लासने ती वाढत असेल तर तिला नैसर्गिक का म्हणायचे? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न या शब्दाच्या इतिहासातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि अमेरिकेत तो एका परीक्षेच्या नावापर्यंत जाऊन पोहोचला. महाविद्यालयीन प्रवेशासाठीची ‘एसएटी’ ही परीक्षा तेथे १९२६ साली पहिल्यांदा झाली तेव्हा त्या तीन अक्षरांचा विस्तार ‘स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट’ असा होता. या नावामुळे परीक्षा जन्मजात बुद्धी मोजते असा समज पसरला. परंतु तयारी करून गुण वाढतात हे दिसत होते आणि ज्यांना तयारीची साधने मिळत नव्हती त्यांच्यावर ‘तुमच्यात मुळातच कमी आहे’ असा शिक्का बसत होता. अखेर १९९० च्या दशकात ‘ॲप्टिट्यूड’ हा शब्द काढून तेथे ‘असेसमेंट’ घालण्यात आला आणि पुढे तर अक्षरांचा विस्तार सांगणेच बंद झाले. आता ‘एसएटी’ हे नुसते नाव उरले आहे. एका शब्दाने निर्माण केलेला गैरसमज दूर करायला जवळजवळ सात दशके लागली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पुष्कळ मानसशास्त्रज्ञांनी मात्र ‘ॲप्टिट्यूड’चा अर्थ ‘जन्मजात’ असा घट्ट बांधला नाही. त्यांच्या दृष्टीने प्रशिक्षण मिळाल्यावर एखादे काम माणूस कितपत शिकू शकेल याची आज दिसणारी खूण म्हणजे अभियोग्यता, मग ती उपजत असो वा लहानपणापासूनच्या संस्कारांतून आलेली. १९४७ साली प्रसिद्ध झालेली ‘डिफरन्शियल ॲप्टिट्यूड टेस्ट्स’ ही गाजलेली चाचणीमाला आठ भागांची होती : शाब्दिक तर्क, अंकक्षमता, अमूर्त आकृत्यांचा तर्क, कारकुनी कामाचा वेग व अचूकता, यांत्रिक तर्क, अवकाशीय संबंध, शब्दलेखन आणि भाषेचा वापर. यांतील शब्दलेखन कोणी जन्मतः घेऊन येत नाही, तरीही ते या मालेत होते.

आता क्लासविषयी. एक उदाहरण आपल्या ओळखीचे असेल. एक नळ टाकी १२ तासांत भरतो आणि दुसरा तीच भरलेली टाकी १८ तासांत रिकामी करतो. दोन्ही एकदम सुरू ठेवले तर रिकामी टाकी किती वेळात भरेल? असे उदाहरण ज्याने आयुष्यात कधीही पाहिलेले नाही तो मुलगा थोडा थांबतो आणि म्हणतो, “टाकी ३६ बादल्यांची धरू. पहिला नळ तासाला ३ बादल्या भरतो, दुसरा २ काढून टाकतो, म्हणजे तासाला १ बादली शिल्लक राहते. ३६ तास लागतील.” बादल्यांची ही संख्या आपली आपण धरायची, आणि ती १२ व १८ या दोघांनी भाग जाणारी धरायची, हे ज्याला कोणी न सांगता सुचले त्याची गती येथे दिसली. हेच उदाहरण क्लासमध्ये चाळिसाव्या वेळी सोडवणारा मुलगा ते वीस सेकंदांत सोडवतो. त्याचा सराव दिसला, आणि सरावालाही मोल आहे. पण प्रश्नपत्रिकेला ही दोन मुले वेगळी ओळखता येत नाहीत. उलट वेळेच्या बंधनामुळे दुसरा पुढे जातो. म्हणून क्लासचा उपयोग होतो हे खरे आहे, आणि त्यामुळे त्या फेरीचे नाव तिच्या कामापासून दूर गेले आहे हेही तितकेच खरे आहे. विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेला ‘ॲप्टी’ हा शब्द आता क्षमतेचे नाव राहिलेला नाही. शेकडेवारी, काळ-काम-वेग, नातेसंबंध आणि दिनदर्शिका यांवरील प्रश्नांच्या एका पेपरचे ते नाव झाले आहे. आपण त्या अर्थानेच तो शब्द घ्यावा आणि पेपरची तयारी करावी. तेथे कमी गुण मिळाले म्हणून आपल्यात उपजत काही उणे आहे, असा निष्कर्ष मात्र कृपया काढू नये.

परीक्षांच्या नावांत हा शब्द किती सैल झाला आहे याची आणखी दोन उदाहरणे देतो. आपल्या क्षेत्रातील ‘गेट’ या परीक्षेच्या पूर्ण नावात ‘ॲप्टिट्यूड’ आहे, परंतु १०० गुणांपैकी सर्वसाधारण ॲप्टिट्यूडचा भाग १५ गुणांचाच असतो. उरलेल्या भागात आपण अभ्यासलेला विषय आणि त्यासाठीचे गणित यांची परीक्षा होते. दुसरीकडे शिक्षकभरतीत महाराष्ट्राने दोन वेगवेगळ्या परीक्षांसाठी दोन वेगवेगळे शब्द वापरून चांगला भेद राखला आहे. ‘टीईटी’ ही शिक्षक पात्रता परीक्षा आहे आणि ‘टेट’ म्हणून ओळखली जाणारी दुसरी, २०१७ साली पहिल्यांदा झालेली परीक्षा, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आहे. पात्रता म्हणजे आज हाती काय असले पाहिजे ते, आणि अभियोग्यता म्हणजे त्या कामाला माणूस कितपत जुळेल ते. दोन्ही नावांच्या उच्चारातील साम्यामुळे उमेदवारांचा गोंधळ होत असला तरी मराठी नावे काळजीपूर्वक ठेवलेली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त कलाशिक्षक आहे. माझी एक माजी विद्यार्थिनी डिझाइनच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करत आहे आणि तिला माझे शिफारसपत्र इंग्रजीत हवे आहे. तिच्या चित्रकलेविषयी लिहिताना ‘टॅलेंट’, ‘गिफ्ट’, ‘फ्लेअर’, ‘नॅक’ आणि ‘ॲप्टिट्यूड’ यांपैकी कोणता शब्द वापरावा? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : हे पाचही शब्द अंगच्या गुणाविषयीच बोलतात, पण प्रत्येकाचा कटाक्ष निराळा आहे.

‘टॅलेंट’ हे मुळात वजनाचे आणि पैशाचे माप. प्राचीन ग्रीकांचा अथेन्समधील ‘तालांतोन’ सुमारे २६ किलोचा होता आणि तेवढ्या वजनाची चांदी म्हणजे ६,००० द्राख्मा, ही मोठीच रक्कम. बायबलच्या नव्या करारात येशूने सांगितलेला एक दृष्टांत आहे : परगावी जाणारा धनी आपल्या तीन चाकरांना अनुक्रमे पाच, दोन आणि एक तालांत देऊन जातो, पहिले दोघे व्यापार करून ते दुप्पट करतात आणि तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो. या दृष्टांतावरून देवाने सोपवलेली आणि वापरून वाढवायची ठेव, असा अर्थ ‘टॅलेंट’ला मिळाला, आणि नाणे मागे पडून गुण तेवढा उरला. त्यामुळे या शब्दात प्रत्यक्ष दिसणारे कर्तृत्व गृहीत असते. ज्याने अजून काहीच करून दाखवले नाही त्याला ‘ॲप्टिट्यूड’ आहे असे म्हणता येते, परंतु ‘टॅलेंटेड’ म्हणण्यापूर्वी त्याचे काहीतरी पाहिलेले असावे लागते.

‘गिफ्ट’ म्हणजे आपली ‘देणगी’. मराठीतही आपण ‘आवाजाची देणगी’ म्हणतो, तेव्हा कल्पना तीच असते, की देणारा कोणी दुसरा आहे. शिफारसपत्रात हा शब्द फार मोठा वाटतो आणि विद्यार्थिनीच्या मेहनतीवर पडदा पाडतो. ‘नॅक’ म्हणजे हातोटी; लहानशा, नेमक्या कामासाठी तो शब्द चांगला. रडते मूल गप्प करण्याची हातोटी असते, अडकलेले कुलूप उघडण्याची असते. औपचारिक पत्रात चित्रकलेसारख्या विषयाला ‘नॅक’ म्हटले तर तो विषय छोटा होतो.

‘फ्लेअर’ची गोष्ट मला सर्वांत आवडते. हा शब्द फ्रेंचमधील हुंगण्याच्या क्रियापदावरून आला आहे. शिकारी कुत्र्याला माग लागतो तो नाकाने. तसे चांगले काय आहे ते ज्याला विचार न करताच कळते त्याला ‘फ्लेअर’ आहे असे म्हणतात. मराठीत आपण नाकाऐवजी डोळ्याकडे जातो आणि ‘तिला रंगांची नजर आहे’ असे म्हणतो. या शब्दात ऐटीची आणि आकर्षकपणाचीही छटा आहे, म्हणून वस्त्ररचना किंवा सजावट यांसाठी तो शोभून दिसतो.

आपल्या पत्रासाठी मी एकच शब्द निवडू नये असे म्हणेन. ही मुलगी शाळेत असताना आपण तिची चित्रे पाहिली आहेत. त्यांविषयी लिहिताना ‘टॅलेंट’ हा शब्द वापरावा, पण त्यासोबत एखादे चित्र नाव घेऊन वर्णन करावे, कारण वाचणाऱ्याच्या हाती ते चित्र नसते. ती आता जो अभ्यासक्रम शिकणार आहे, ज्यात तिला साहित्य, मापे, संगणक आणि गिऱ्हाइकाची गरज अशा नव्या गोष्टींशी जुळवून घ्यावे लागेल, त्याविषयी लिहिताना ‘ॲप्टिट्यूड’ हाच शब्द योग्य, कारण प्रवेश देणाऱ्यांना तेच जाणून घ्यायचे असते. आपण पत्रात कळवले आहे की लिनोकटचे, म्हणजे लिनोलियमवर चित्र कोरून ठसे छापण्याचे, तंत्र आपण वर्गात एकदाच दाखवले आणि पुढच्या आठवड्यात ती घरून दोन रंगांचे, एकमेकांवर अचूक बसणारे ठसे करून घेऊन आली. ही हकिकत पत्रात जशीच्या तशी लिहावी आणि तिच्या खाली एक वाक्य जोडावे : ‘शी हॅज अ मार्क्ड ॲप्टिट्यूड फॉर लर्निंग न्यू टेक्निक्स.’ वाक्यात ‘फॉर’ राहील, ‘इन’ होणार नाही, एवढे पाठवण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहून घ्यावे.